सोलो क्लासिकल गिटार ऐकायला जाताय? आधी हे समजून घ्या

रंगमंचावर एक खुर्ची आणि तिच्यापुढे पाय ठेवायची बुटकी चौकी, एवढंच सामान. माइक, स्पीकर, ड्रम, गायक यांतलं काहीच नाही. वादक येतो, वाकून अभिवादन करतो, बसतो आणि पुढचा दीड तास एकटाच वाजवतो. गिटार म्हणजे गाण्याची साथ अशी ज्यांची समजूत आहे, ते पहिल्यांदा या मैफलीत थोडे बावचळतात. आवाज इतका कमी का? गाणारं कुणीच कसं नाही? दर रचनेनंतर तारा काय पिळत बसतात? टाळ्या नक्की कधी वाजवायच्या?

प्रश्न अगदी रास्त आहेत आणि यांतल्या बऱ्याचशांची उत्तरं एकाच गोष्टीपाशी येऊन मिळतात. गिटारवर छेडलेला स्वर त्याच क्षणापासून विझायला लागतो आणि वादकाला तो पुन्हा मोठा करता येत नाही. एवढं ध्यानात ठेवून ऐकलं, की समोरचा माणूस काय करतोय ते कळायला लागतं.

ही गिटार वेगळी कशी?

सिनेमाच्या किंवा रॉकच्या गाण्यांत ऐकू येणारी गिटार बहुधा स्टीलच्या तारांची असते, पुष्कळदा विजेवर चालते आणि पिक नावाच्या छोट्या चकतीने वाजवतात. क्लासिकल गिटारच्या सहा तारांपैकी वरच्या सुरांच्या तीन नुसत्या नायलॉनच्या असतात. खर्जाच्या तीन तारांमध्ये नायलॉनच्या बारीक धाग्यांचं जुडगं असतं आणि त्यावर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. पिक नाहीच. अंगठा आणि त्याच्या शेजारची तीन बोटं, उजव्या हाताचं सगळं काम या चौघांवर. करंगळी बहुतेक वेळ बसून असते.

आज दिसते तशी क्लासिकल गिटार स्पेनमधले कारागीर आंतोनियो दे तोरेस (1817–1892) यांच्या हातून आकाराला आली. तारांचा वाजणारा भाग साधारण 65 सेंटीमीटर, मोठं पोट, आणि आतून पंख्यासारख्या पसरलेल्या लाकडी पट्ट्यांचा आधार. पुढच्या बहुतेक कारागिरांनी याच आराखड्यावरून काम केलं. त्या काळी वरच्या तारा जनावरांच्या आतड्यांपासून बनवत. दुसऱ्या महायुद्धात हा आतड्याचा दोरा जखमा शिवण्यासाठी लागू लागला आणि वादकांना तारा मिळेनाशा झाल्या. तेव्हा न्यूयॉर्कचे अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या. त्या काळातले सर्वांत नावाजलेले गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या आणि जगभर त्याच रुळल्या.

स्वर विझतो म्हणजे नेमकं काय होतं?

व्हायोलिनचा गज तारेवर फिरत असतो तोवर तारेला ताकद मिळत राहते. झोपाळ्याशेजारी उभं राहून कुणी सतत झोका देत राहावा तसं. गिटारची तार म्हणजे एकदाच ढकलून सोडलेला झोपाळा. पुढचं सगळं त्या एका ढकलण्यात ठरलेलं असतं.

आता ही ताकद जाते कुठे? बारीक तार स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. ती आपलं कंपन घोडीमार्फत, म्हणजे तारा जिथे बांधलेल्या असतात त्या लाकडी पट्टीमार्फत, तबलीला देते. तबली म्हणजे गिटारच्या पोटाची पुढची फळी, स्प्रूस किंवा सीडर या लाकडाची, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीची. आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः या फळीचा आवाज. तोरेस यांचा यावर इतका विश्वास होता, की 1862 मध्ये त्यांनी मागची बाजू आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या असलेली गिटार बनवली. तबली मात्र चांगल्या लाकडाची ठेवली. आवाजाचं मर्म तबलीत आहे हे त्यांना दाखवायचं होतं.

इथेच एक पेच उभा राहतो. तबली हलकी आणि लवचीक केली, तर ती तारेतली ताकद भराभर उचलते. आवाज मोठा येतो, पण स्वर लवकर संपतो. ती जड केली तर स्वराची आस, म्हणजे छेडल्यानंतर तो रेंगाळण्याचा काळ, वाढते. पण आवाज दबतो. दोन्ही हवं असेल तर कारागिराला मधली वाट शोधावी लागते. ऑस्ट्रेलियाचे ग्रेग स्मॉलमन यांनी तबली अतिशय पातळ करून तिच्यामागे जाळीसारखा आधार दिला आणि बराच मोठा आवाज मिळवला. काहींना तो आवडतो, काहींना त्यात जुन्या गिटारचा गोडवा सापडत नाही. मला दोन्ही बाजू समजतात, पण एकच निवडायची तर मी जुन्या घडणीची निवडेन.

वरच्या बारीक तारांवर, तेही उंच पडद्यांवर (पडदे म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), आस सर्वांत तोकडी असते. आणि मुख्य चाल नेमकी तिथेच असते! खर्जाचा स्वर सावकाश घुमत राहतो आणि ज्या चालीकडे श्रोत्याचं लक्ष असतं तीच आधी विरते. वादकाची वर्षानुवर्षांची मेहनत मोठ्या प्रमाणात या एका अडचणीवर खर्च होते.

एकटा माणूस, पण तिघे वाजवताहेत असं का वाटतं?

कारण खरोखरच दोन किंवा तीन सुरावटी एकाच वेळी चालू असतात. अंगठा खर्ज सांभाळतो, तर्जनी आणि मध्यमा मधली भर घालतात, अनामिका वर चाल गाते. डाव्या हाताची चार बोटं पडद्यांवर स्वर दाबून धरतात. त्यातलं एक बोट वेळेआधी उचललं, की तो स्वर तिथेच तुटतो. म्हणून वादकाचा डावा हात पाहा. एखादं बोट खर्जाच्या तारेवर चिकटून बसलेलं दिसेल आणि बाकीची तिघं त्याच्याभोवती ताणून, वाकून, एकमेकांवरून जात कामं करत असतील. प्रेक्षकाला ती कसरत वाटते. खरं तर एक स्वर मरू नये म्हणून चाललेली ती धडपड असते.

जर्मन संगीतकार बाखची व्हायोलिनसाठी लिहिलेली चाकोन ही दीर्घ रचना गिटारवर इतकी का रुजली, तेही यातून कळतं. व्हायोलिन स्वर लांबवू शकतं, पण चार तारा एकदम धरू शकत नाही. गज एका वेळी दोन तारांवर नीट टेकतो, म्हणून चार स्वरांचा समूह तोडून वाजवावा लागतो. गिटार चारही स्वर एकदम देते, फक्त ते टिकत नाहीत. सेगोव्हिया यांनी 1935 मध्ये पॅरिसमध्ये आपलं गिटाररूप पहिल्यांदा मैफलीत वाजवलं आणि तेव्हापासून ही रचना गिटारवादकांसाठी कसोटीची ठरली आहे. ती सुमारे पंधरा मिनिटं चालते. यादीत दिसली तर आधी एकदा ऐकून जाच.

विझणाऱ्या स्वरावरचा सर्वांत देखणा इलाज म्हणजे ट्रेमोलो. अंगठा खर्जाचा एक स्वर देतो आणि लगेच अनामिका, मध्यमा, तर्जनी अशा क्रमाने तीन बोटं वरच्या एकाच तारेवर तोच स्वर तीनदा छेडतात. पुन्हा अंगठा, पुन्हा तीन. सगळं धरून सेकंदाला दहाच्या आसपास आघात. एक विरायच्या आत दुसरा येतो आणि कानाला अखंड गाणारी रेघ ऐकू येते. स्पेनचे फ्रान्सिस्को तारेगा (1852–1909) यांची ‘अल्हाम्ब्राच्या आठवणी’ या अर्थाच्या नावाची रचना पूर्णपणे अशीच आहे. त्या वेळी उजव्या हाताकडे बघाल, तर तो जवळजवळ स्थिर दिसेल. मनगट हलत नाही, बोटांची टोकं तेवढी थरथरतात. तिन्ही बोटांची लांबी वेगळी, ताकद वेगळी, आणि तरी तिन्ही आघात सारखे यायला हवेत. एक जरी बोट जड पडलं तर रेघ लंगडते, आणि ते नवख्या कानालाही जाणवतं.

तारेगा तुम्ही आधी ऐकलेले असण्याची शक्यता बरीच आहे. नोकियाच्या फोनची ती जगप्रसिद्ध धून त्यांच्याच ‘ग्रान व्हाल्स’ या गिटारच्या रचनेतला एक तुकडा आहे.

नखं, आणि एका स्वराचे अनेक रंग

आवाज मोठा करायला फारशी जागा नाही, तेव्हा वादक स्वराचा पोत बदलतो. उजवा हात पडद्यांकडे सरकवला की तोच स्वर मऊ, गोल होतो. घोडीजवळ नेला की पातळ, धारदार, थोडा धातूचा वाटतो. एखादं वाक्य लागोपाठ दोनदा येत असेल, तर दुसऱ्या वेळी हात कुठे आहे ते पाहा; बहुतेक वेळा तो सरकलेला असतो. हाताचा काठ तारांवर हलकेच टेकवला की स्वर दबके, टपटपणारे येतात. डाव्या बोटाने तार न दाबता नुसता स्पर्श केला, तर घंटेसारखा निर्मळ उंच स्वर निघतो. याला हार्मोनिक म्हणतात.

या रंगांचं मूळ उजव्या हाताच्या नखांत आहे. तार आधी बोटाच्या मांसाला लागते, मग नखाच्या कडेवरून घसरत सुटते. त्या कडेला सूक्ष्म खाच असली तरी स्वर खरखरीत येतो. म्हणून वादकाच्या पेटीत अतिशय बारीक पॉलिश पेपरचे तुकडे असतातच. विंगेत उभं राहून तो नख घासतो, दुसऱ्या हाताच्या बोटावर कड फिरवून पाहतो, प्रकाशाकडे धरतो, पुन्हा घासतो. मैफलीच्या आदल्या दिवशी नख तुटणं ही खरीखुरी आपत्ती असते आणि कृत्रिम नख चिकटवून वेळ मारून नेणारे कितीतरी आहेत. सगळेच नखवाले मात्र नव्हते. तारेगा शेवटच्या काळात नखांशिवाय, फक्त बोटांच्या मांसाने वाजवत.

मधूनच ‘सर्र’ असा आवाज येतो तो डाव्या हाताच्या बोटांचा. खर्जाच्या तारांवर वेटोळी असतात आणि बोटं त्यांवरून सरकली की ती घासतात. चांगला वादक तो आवाज कमी करतो, पूर्ण घालवू शकत नाही.

मग सरळ माइक का लावत नाहीत?

पुष्कळजण लावतात. जॉन विल्यम्स यांच्यासारख्या थोर गिटारवादकाने मोठ्या सभागृहांत मोकळेपणाने ध्वनिवर्धक वापरला. ऑर्केस्ट्राबरोबर वाजवताना तर तो बहुतेकदा लागतोच. सेगोव्हिया (1893–1987) मात्र आयुष्यभर विरोधात राहिले. नव्वदी ओलांडल्यावरही ते मैफली करत होते, मोठमोठ्या सभागृहांत, आणि माइकशिवाय. श्रोत्यांनी शांत बसावं, एवढंच त्यांचं मागणं.

माझा कल सेगोव्हियांकडे आहे. स्पीकरमधून आवाज मोठा झाला की तो वादकाच्या बोटांपासून सुटून भिंतीवरच्या खोक्यातून यायला लागतो. हळूतला हळू स्वर आणि जोरकस स्वर यांतलं अंतरही बहुतेक वेळा आक्रसतं. शिवाय आपला कान जुळवून घेतो. पहिल्या काही मिनिटांत ‘किती हळू’ असं वाटतं. मग श्रोते चुळबुळ थांबवतात, सभागृहाची शांतता खोल होते, आणि त्या शांततेत गिटारचा जोरकस स्वर दचकवू शकतो. हे जुळवून घेणं झालं नाही तर मैफल हातची गेली असं समजा. म्हणून उशिरा जाऊ नका, आणि सुरुवातीची रचना फार काही कळली नाही तरी हिरमुसू नका.

पण हजार-दोन हजार खुर्च्यांच्या, कापडी भिंतींच्या सभागृहात माइक नको म्हणणं म्हणजे मागच्या अर्ध्या लोकांवर अन्याय आहे. तिथे थोडा, सौम्य ध्वनिवर्धक हवाच. निवड तुमच्या हातात असेल तर दोनशे-तीनशे माणसांची जागा निवडा. लाकडी किंवा दगडी भिंती, उंच छत, थोडा घुमारा असलेली. घुमारा विझत्या स्वराला क्षणभर जास्त जगवतो.

दर वेळी तारा कशाला जुळवतात? आधी जुळवून येता येत नाही?

जुळवूनच येतात. पण नायलॉन ताणलं जातं, आणि ऊब व दमटपणा बदलला की सूर हलतो. विंगेतून रंगमंचावरच्या प्रखर दिव्यांखाली आल्यावर पाच मिनिटांत तार उतरू किंवा चढू शकते. नवी तार असेल तर विचारूच नका, आणि मैफलीच्या काही दिवस आधी नव्या तारा चढवण्याची तर पद्धतच आहे.

दुसरं कारण रचनेतच असतं. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार नेहमी 82 हर्ट्‌झच्या स्वराला लावलेली असते. पुष्कळ रचनांमध्ये ती एका स्वराने खाली, 73 हर्ट्‌झवर उतरवावी लागते. खर्ज आणखी भरदार होतो, पण त्या तारेचा ताण बदलला की बाकीच्याही थोड्या हलतात, म्हणून सगळ्या पुन्हा तपासाव्या लागतात. शिवाय पडदे कायमचे ठोकलेले असल्यामुळे सगळे स्वरसमूह एकाच वेळी निर्दोष सुरात येऊच शकत नाहीत. पुढच्या रचनेत कोणते स्वर जास्त येणार ते पाहून वादक केसभर इकडेतिकडे करतो. तेवढी दोन मिनिटं बोलू नका. त्याला सभागृहात स्वतःचा सूर ऐकू यावा लागतो.

यादीत काय असतं, आणि टाळ्या कधी?

बहुतेक कार्यक्रम काळाच्या क्रमाने किंवा मुद्दाम विरोध साधून रचलेले असतात. सुरुवातीला ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यासाठी किंवा इतर वाद्यांसाठी लिहिलेलं जुनं संगीत, मग फर्नांदो सोर (1778–1839) किंवा माउरो जुलियानी यांची नीटस, प्रसन्न रचना, पुढे स्पॅनिश आणि लॅटिन अमेरिकन संगीत, आणि एखादी विसाव्या शतकातली अवघड कृती. पाराग्वेचे आगुस्तीन बार्रिओस, ब्राझीलचे एतोर व्हिला-लोबोस आणि क्यूबाचे लिओ ब्रॉवर ही नावं वारंवार दिसतील.

स्पॅनिश संगीतकार अल्बेनिसची ‘अस्तुरियास’ असेल तर कान टवकारून ऐका. ती मुळात पियानोसाठी लिहिलेली आहे आणि तिच्यात पियानो गिटारची नक्कल करतो. मग इतरांनी ती गिटारवर आणली आणि आता ती गिटारचीच वाटते. सुरुवातीला अंगठा खाली चाल वाजवतो आणि मोकळी दुसरी तार मधूनमधून एकच स्वर टोचत राहते. चाल वर नसून खाली आहे हे एकदा पकडलं की रचना सापडली.

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांची ‘नॉक्टर्नल’ (1963) मात्र पहिल्या ऐकण्यात गोंधळात टाकते. ती गिटारवादक जूलियन ब्रीम यांच्यासाठी लिहिली होती. नेहमी आधी चाल येते आणि मग तिची वेगवेगळी रूपं. इथे आधी रूपं येतात: अस्वस्थ, तुटक, झोप न लागलेल्या माणसाच्या मनासारखी. जुन्या काळातला इंग्रज संगीतकार जॉन डाउलंड याचं निद्रेला साद घालणारं मूळ गाणं थेट शेवटी उमटतं. हे माहीत असलेला श्रोता त्या गाण्याची वाट पाहत ऐकतो, आणि अठरा-एक मिनिटं कशी जातात ते त्याला कळत नाही. माहीत नसलेला पाचव्या मिनिटाला कंटाळतो. छापील टिपणं वाचून बसावं ते यासाठी.

एका रचनेचे दोन-चार भाग असतील तर त्यांच्या मधल्या विरामात टाळ्या वाजवत नाहीत. भाग मोजत बसायची गरज नाही. वादकाचे हात बघा. हात तारांजवळच राहिले असतील तर रचना चालू आहे. हात खाली आले, मान वर झाली, की संपली. शेवटचा स्वर पुरता विझू द्या. ‘आपल्याला संपलेलं कळलं’ हे दाखवायला कुणीतरी घाईने टाळी वाजवतो आणि वादकाने जपून ठेवलेली शेवटची आस तिच्याखाली चिरडली जाते. मला या एका गोष्टीचा खरोखर राग येतो.

लिहिलेलंच वाजवायचं, मग नवीन काय?

रागसंगीताच्या कानाला हा प्रश्न पडणारच. स्वर ठरलेले, क्रम ठरलेला, उपज नाही. मग वादकाचं स्वतःचं काय उरतं?

कागदावर स्वर आणि त्यांचे काळ असतात. पण गिटारवर एकच स्वर वेगवेगळ्या तारांवर, वेगवेगळ्या पडद्यांवर सापडतो. बारीक तारेवर तो उजळ असतो, जाड तारेवर उंच पडद्याला तोच गडद आणि मांसल होतो. कुठला घ्यायचा ते वादक ठरवतो, आणि त्यावरून पुढची सगळी बोटं ठरतात. तीन सुरावटींतली कुठली पुढे आणायची, वाक्याच्या टोकाला किती थबकायचं, विझणारा स्वर कुठवर ऐकत राहून मग पुढचा टाकायचा, हेही त्याचंच. हा शेवटचा निर्णय तर घरी ठरवून येताच येत नाही, कारण स्वर किती वेळ जगेल ते त्या सभागृहावर आणि त्या दिवशीच्या शांततेवर अवलंबून असतं. जास्त घुमणाऱ्या जागी जाणता वादक लय किंचित संथ करतो, नाहीतर स्वर एकमेकांत कालवले जातात. दोन वादकांची तीच रचना लागोपाठ ऐकून पाहा. लांबीतच मिनिटभराचा फरक सापडू शकतो.

कुठे बसायचं आणि काय ऐकायचं

पहिल्या रांगेपेक्षा चौथी-पाचवी रांग बरी. अगदी पुढे बोटांचे घासण्याचे आवाज जास्त येतात आणि तबलीचा आवाज हवेत मिसळायला जागा मिळत नाही. दोन्ही हात स्पष्ट दिसतील अशी खुर्ची धरा, शक्यतो मधली. खोकल्याची गोळी आधीच वेष्टनातून काढून ठेवा. फोन कंप पावण्यावर ठेवून भागत नाही, पूर्ण बंद करा. लाकडी खुर्चीवर त्याची घरघर गिटारच्या हळू स्वरापेक्षा मोठी येते.

सगळं एकदम ऐकायचा हट्ट नको. एका रचनेत फक्त अंगठ्याचा खर्ज ऐका. पुढच्या रचनेत वरची चाल सोडू नका. मग एखादा लांब स्वर निवडा आणि तो छेडल्यापासून ऐकू येईनासा होईपर्यंत त्याच्याबरोबर राहा. कार्यक्रम संपल्यावर टाळ्या थांबल्या नाहीत तर वादक परत येऊन एखादी छोटी रचना यादीबाहेरची वाजवतो. ती बहुधा त्याच्या सर्वांत आवडीची असते, तोवर हातही मोकळे झालेले असतात आणि ताणही उतरलेला असतो. तेव्हा घाईने उठू नका.